दुर्मीळ की दुर्लक्षित?

‘दुर्मीळ’ ह्या शब्दाविषयी आपणां सर्वांच्या मनात एक आदर असतो. दुर्मीळ ग्रंथ, दुर्मीळ नाणे, दुर्मीळ योग. वस्तू थोडी असली की तिची किंमत वाढते, हा जगाचा व्यवहार. ह्या व्यवहाराला मला ठाऊक असलेला अपवाद एकच, तो म्हणजे दुर्मीळ रोग. रोग दुर्मीळ ठरला की रोग्याची किंमत उतरते. त्याच्यासाठी औषध शोधणे परवडत नाही, डॉक्टरला त्याचे नाव आठवत नाही, सरकारी कागदावर त्याच्यासाठी रकाना नसतो. आणि हे सर्व ‘काय करणार, लाखात एखादा!’ ह्या एका वाक्यावर भागते.

ह्या वाक्याशी माझे भांडण आहे. लाखात एखादा, हे कोणी मोजले? कोणत्या लाखात मोजले? २०२१ साली आपल्या केंद्र सरकारने दुर्मीळ रोगांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. देशात ह्या रोगांची पुरेशी आकडेवारी नाही आणि ती नसल्यामुळे ‘दुर्मीळ’ ह्या शब्दाची आकड्यांत व्याख्याही करता येत नाही, अशी कबुली त्या धोरणातच आहे. युरोपात दहा हजारांत पाचांहून अधिकांना होत नाही तो रोग दुर्मीळ. अमेरिकेत दोन लाखांहून कमी रुग्ण असतील तो दुर्मीळ. आपल्याकडे? आपल्याकडे जो कोणी मोजला नाही तो दुर्मीळ. ही व्याख्या कोठे लिहिलेली नाही, पण व्यवहारात तीच चालते, आणि तिचा फटका बसलेले एक घर मला आतून ठाऊक आहे.

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. निवृत्त शाळामास्तर आहे. शास्त्राचे जे थोडे पुढे लिहितो आहे ते वयाच्या पन्नाशीनंतर, गरज पडली म्हणून शिकलो. तेव्हा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारील तर तो आजोळचा आहे.

भीमेच्या काठी, शिरूर तालुक्याच्या दक्षिण कडेला वडगाव रासाई हे माझे आजोळ. नदी ओलांडली की दौंड तालुका. काळी जमीन, ऊस, रात्रीचे पाणी धरणे, आणि गावाच्या नावातच असलेली रासाई देवी. माझे थोरले मामा माळकरी होते. तुकोबांची पालखी यवत-वरवंडच्या रस्त्याने पुढे जाते, तिला ते दरसाल नदीपलीकडे जाऊन मिळत आणि पायी पंढरपूर गाठीत. १९७९ साली, म्हणजे त्यांच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांची पावले फाकू लागली. सरळ रेषेत चालता येईना. उसाच्या बांधावरून जाताना सरीत पडत. त्या वर्षीच्या वारीत ओळीतून चालताना त्यांचा शेजारच्याला वारंवार धक्का लागू लागला, तेव्हा मागून कोणी तरी म्हणाले, “बुवा, गळ्यात माळ हाय, वारीत तरी पिऊ नगा.” मामा वरवंडहून परत आले. पुढे ते वारीला गेले नाहीत.

नंतर त्यांची जीभ जड झाली. बोलणे तुटक, घरंगळते येऊ लागले, आणि चालीने सुरू केलेली बदनामी बोलण्याने पुरी केली. वजनकाट्यावर, चावडीवर, सोयऱ्यांच्या लग्नात सगळीकडे एकच. ज्या माणसाने जन्मात दारू शिवली नाही त्याला दारूडा म्हणून गावाने पंधरा वर्षे ओळखले. शेवटची चार वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. १९९४ साली गेले.

माझी आई त्यांची सख्खी धाकटी बहीण. ती १९७० साली साप चावून गेली, तेव्हा तिशीची होती. भावाच्या अंगात होते ते तिच्याही अंगात होते की काय, हे दिसून येण्याइतके आयुष्य तिला मिळाले नाही. ते माझ्या अंगात आले आहे की काय, हा प्रश्न त्यामुळे मला बरीच वर्षे पुरला. आता साठी उलटली आहे, पाय ठिकाणावर आहेत. तेव्हा तो डाव बहुधा माझ्या बाजूने पडला असावा. मामेभावाच्या बाजूने पडला नाही. २००१ साली, चौतिसाव्या वर्षी, तो मोटारसायकलवरून तोल जाऊन पडला. रस्त्यावर खड्डा नव्हता.

मग जे आपल्या खेड्यांत होते ते सगळे झाले. करणी झाली म्हणून देवऋषी झाला. शिरा आखडल्या म्हणून मालिश झाले. मणक्यात दोष म्हणून पट्टा झाला. अशक्तपणा म्हणून सलायनी झाल्या. दोन एकर जमीन गेली. ह्यांतल्या कोणाही उपचारकाने ‘मला कळत नाही’ हे वाक्य उच्चारले नाही. ते फुकट मिळाले असते तर दोन एकर वाचली असती.

२००४ साली एका संशोधन संस्थेची मंडळी घरी आली. संस्थेचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण मला सांगावयाचा दोष त्या एका संस्थेचा नाही. दोन तरुण होते, सुशील, गोड बोलणारे. मामींनी त्यांना पोहे केले. त्यांनी घराण्याचा वृक्ष काढला, चौकोन-वर्तुळे भरली, काही काळी केली. सात जणांच्या दंडातून रक्त घेतले. इंग्रजी कागदावर मामींचा अंगठा घेतला. “कळवू,” म्हणाले आणि गेले. त्या सात नळ्यांचे पुढे काय झाले ते आजतागायत कोणी कळविलेले नाही.

२०१२ साली मी मामेभावाला पुण्यास एका मज्जाविकारतज्ज्ञांकडे नेले. वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी त्याच्या चेहऱ्यासमोर दोन्ही हातांची दोन बोटे धरली आणि “ह्या बोटाकडे बघा, आता त्या बोटाकडे” असे चार-पाच वेळा केले. एका वस्तूवरून दुसरीवर आपली नजर टिचकीसरशी उडी घेते. त्याची नजर बैलगाडीसारखी हळूहळू सरकत होती. दहा वर्षे ज्याच्याबरोबर राहिलो त्याच्या डोळ्यांतली ही गोष्ट आम्हांपैकी कोणाच्या ध्यानी आलेली नव्हती. डॉक्टरांनी नाव सांगितले, रक्ताची तपासणी लिहून दिली, ती पदरच्या पैशाने केली, आणि तीच निघाली. मग ते जे म्हणाले त्यावरून हा लेख लिहावा लागत आहे. ते म्हणाले, “ही डोळ्यांची खूण प्रथम मुंबईत लिहिली गेली. १९७१ साली.”

मी घरी येऊन शोध घेतला. गोष्ट खरी होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी ह्यांनी लंडनच्या ‘ब्रेन’ ह्या नियतकालिकात १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. नऊ कुटुंबे. तोल जाण्याचा आनुवंशिक विकार, आणि त्याबरोबर डोळ्यांची मंदावलेली हालचाल. हा एक नवा प्रकार आहे, असे त्यांनी म्हटले. तेव्हा जनुके वाचण्याची सोय नव्हती. कोणतेही भारी यंत्र नव्हे, तर समोर बसलेल्या माणसाकडे धीराने पाहण्याची सवय एवढ्या भांडवलावर हे काम झाले, आणि ते जगाने मान्य केले. पुढे १९९६ साली लॉस एंजेलिस, फ्रान्स आणि जपान येथील तीन गटांनी एकाच वेळी त्या विकाराचे जनुक हाती लावले. आज त्याला ‘एस. सी. ए. २’ म्हणतात. १९९८ साली वाडियांनी पुन्हा भारतीय कुटुंबे तपासून, त्या मंद नजरेचा निदानात किती उपयोग होतो ते दाखवून दिले. २०१२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, तेही योग्यच झाले.

आता वाचकांनी माझ्याबरोबर एक साधे गणित करावे. १९७१ साली माझे मामा पस्तीस वर्षांचे होते. त्यांचे पाय शाबूत होते, ते वारीला जात होते. म्हणजे त्यांना रोग दिसण्याच्या आठ वर्षे आधीच तो रोग मुंबईत ओळखला गेला होता. मुंबईहून वडगाव रासाई दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर आहे. तेवढे अंतर तोडावयास त्या ज्ञानाला एकेचाळीस वर्षे लागली. मामा पायी निघाले असते तर आठवडाभरात पोचले असते.

हा वाडियांचा दोष नाही. एका माणसाने मुंबईत बसून किती करावे? दोष त्यांच्यामागे काही उभे न करणाऱ्या व्यवस्थेचा आहे. मला म्हणावयाचे आहे ते एवढेच: अशा रोगांचे संशोधन म्हणजे आपल्याकडे रक्त वर जाण्याचा रस्ता झाला आहे, उत्तर खाली येण्याचा रस्ता कोणी बांधलेलाच नाही. आणि जोवर तो बांधला जात नाही तोवर ‘उपेक्षित समाजांतील संशोधन’ ह्या भारदस्त शब्दांचा अर्थ ‘उपेक्षितांचे नमुने’ ह्यापलीकडे जाणार नाही.

रोग तरी काय आहे? आपल्या बाराव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरे ओळीने पुन:पुन्हा येतात. बहुतेक माणसांत बावीस वेळा. ही संख्या साधारण पस्तिसाच्या वर गेली की तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतील पेशी हळूहळू झिजू लागतात. संख्या जितकी मोठी तितका रोग लवकर. पिढी बदलताना ती वाढूही शकते. म्हणून बापाला त्रेचाळिसाव्या वर्षी जे झाले ते मुलाला चौतिसाव्या वर्षी गाठते. मामेभावाच्या अहवालात आकडा होता बेचाळीस. अशा माणसाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, हा वारसा मिळण्याचा संभव निम्मा. देवऋषाला ह्यात काही करता येत नाही, आणि शेजारणीच्या नजरेचा ह्यात काही हात नाही. एवढे वाक्य १९७९ साली कोणी आमच्या ओसरीवर येऊन सांगितले असते, तर रोग थांबला नसता. पण बदनामी थांबली असती, जमीन राहिली असती.

“श्रीमंत देशांना परवडते, आपल्याला नाही,” हे उत्तर मला तोंडपाठ आहे. म्हणून मी श्रीमंत देशाचे उदाहरण घेत नाही, क्यूबाचे घेतो. त्या बेटाच्या पूर्व भागातील ओल्गीन प्रांतात हाच रोग, हेच जनुक, लाखात सुमारे चाळीस माणसांना आहे. जगात कोठेही इतके प्रमाण आढळलेले नाही. हे त्यांना कसे कळले? त्यांनी घरोघर मोजले म्हणून. १९९३ साली ह्या रोगाची जागा बाराव्या गुणसूत्रावर निश्चित झाली ती ह्याच क्यूबन कुटुंबांच्या रक्तावरून. पण रक्त देऊन त्यांचा संबंध संपला नाही. २००० साली ओल्गीन शहरात ह्या विकारासाठी स्वतंत्र संशोधन आणि पुनर्वसन केंद्र उभे राहिले. तेथे रोग्यांकडून तोलाचे आणि हातांचे व्यायाम पद्धतशीर करून घेतात, ज्यांना जाणून घ्यावयाचे आहे त्यांची रोग दिसण्यापूर्वीच तपासणी करतात, आणि तपासणीच्या आधी व नंतर त्यांच्याशी बोलण्यासाठी माणसे असतात. अमेरिकेच्या निर्बंधाखाली दबलेल्या एका गरीब देशाने हे केले.

उलट बाजूचेही उदाहरण आहे, आणि ते लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराच्या काठी गरीब कोळ्यांच्या वस्त्यांत ‘हंटिंग्टन’ नावाचा विकार पिढ्यान्‌पिढ्या आहे; अंगाला अनावर हेलकावे, पुढे बुद्धीचा ऱ्हास. १९७९ पासून नॅन्सी वेक्सलर ह्या अमेरिकन विदुषी आणि त्यांचे सहकारी तेथे जाऊ लागले. अठरा हजारांहून अधिक माणसांची वंशावळ त्यांनी मांडली, सुमारे चार हजारांचे रक्त घेतले. त्यावरून १९८३ साली रोगाची जागा आणि १९९३ साली प्रत्यक्ष जनुक सापडले. स्वतः वेक्सलरबाईंच्या आईला हाच रोग होता. त्यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्या कुटुंबांसाठी १९९९ साली एक शुश्रूषागृहही निघाले होते. पण पुढे ते बंद पडले, आणि ज्यांच्या रक्तावर जगभरच्या तपासण्या उभ्या आहेत ती वस्ती दारिद्र्यातच राहिली. एका माणसाच्या कळकळीवर उभे केलेले काम त्या माणसाबरोबर थकते. गावात, तालुक्यात, सरकारी व्यवस्थेत त्याची मुळे रुजली तरच ते टिकते. ओल्गीन आणि माराकायबो ह्यांच्यात फरक आहे तो हाच.

आता आपल्या घरात पाहू. आपण भारतीय लोक म्हणजे एक समाज आहोत अशी जनुकशास्त्राची समजूत नाही. इरावतीबाई कर्वे आणि कैलाश मल्होत्रा ह्यांनी १९६८ साली महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हाच हे स्पष्ट झाले की एका नावाखाली वावरणारे हे गट शरीराच्या मोजमापांत वेगवेगळे आहेत. लग्ने ज्या कुंपणाच्या आत होतात ते कुंपण हे खरे एकक. पुढे २०१७ साली दक्षिण आशियातील २६३ गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थोड्या पूर्वजांपासून वाढून, बाहेर लग्ने न करता राहिल्यामुळे समाजावर जो ठसा उमटतो, तो त्यांपैकी ८१ गटांत फिनलंडच्या लोकांहून आणि युरोपातील अश्कनाझी ज्यूंहूनही खोल आढळला. फिनलंडमध्ये आणि ज्यूंमध्ये अशा वारशाच्या रोगांची यादी अनेक दशकांपूर्वीच तयार झाली, तपासण्या निघाल्या, काही रोग जवळजवळ नाहीसे झाले. आपल्या ८१ गटांच्या याद्या कोठे आहेत?

जगाच्या दप्तरातही आपली हीच अवस्था. रोगांशी जोडलेल्या जनुकांचा शोध घेणाऱ्या जगभरच्या अभ्यासांतील माणसांची २०१६ साली मोजदाद झाली, तेव्हा शंभरांत ८१ युरोपीय वंशाची निघाली. ज्यांना मोजले त्यांचे जनुक ‘नेहमीचे’, न मोजलेल्यांचे ‘अनिश्चित अर्थाचे’. पण मोजले की काय होते तेही पाहण्यासारखे आहे. कंपवाताचे वर्णन जेम्स पार्किन्सनने १८१७ साली केले. दोनशे वर्षे त्याचा अभ्यास चालला. २०२३ साली नायजेरियातील आणि इतर आफ्रिकी वंशाच्या रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यात ह्या रोगाचा धोका वाढविणारा एक जनुकीय बदल मिळाला, जो युरोपीय लोकांत जवळजवळ नाहीच. दोनशे वर्षे तो तेथेच होता. कोणी विचारले नव्हते.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे मी म्हणत नाही. ‘एस. सी. ए. १२’ हा हातांच्या कंपापासून सुरू होणारा विकार उत्तर भारतातील अगरवाल समाजात वारंवार आढळतो, हे दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी ह्या शतकाच्या आरंभी शोधून काढले. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात दहा हजार भारतीयांची जनुके वाचून झाली आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली करण्यात आली. हे मोठे काम आहे. पण ते निरोगी माणसांचे सर्वसाधारण कोष्टक आहे. माझ्या मामींच्या घराचा प्रश्न त्या कोष्टकाने सुटत नाही. तो सुटावयास कोणी तरी त्या घरी परत यावे लागते.

येथे तीन आक्षेप निघतात, आणि तिन्ही निघावेत असेच आहेत.

पहिला आक्षेप: औषध नाही, मग तपासून काय उपयोग? ह्याला माझे उत्तर असे की, औषध नाही हे तपासल्यावाचून कळले कसे? तरुण मुलाचे हात कापतात, मान वाकडी होते, बोलणे बिघडते, तेव्हा तो ‘विल्सन’चा विकार असू शकतो. त्यात यकृतात आणि मेंदूत तांबे साठते. त्याला १९५६ पासून औषध आहे, आणि जस्ताच्या साध्या क्षारांचाही उपयोग होतो; वेळेवर ओळखला तर मुलगा संसार करतो, न ओळखला तर मरतो. काही मुलांचे पाय सकाळी ठीक असतात आणि संध्याकाळी वाकडे होतात. त्यांतल्या एका प्रकाराला कंपवातावरची साधी गोळी थोड्या मात्रेत दिली की मूल धावू लागते. तोल जाण्याचा एक आनुवंशिक प्रकार निव्वळ ‘ई’ जीवनसत्त्वाने आवरतो. हे बरे होण्यासारखे रोग त्याच ‘दुर्मीळ’ गाठोड्यात, बऱ्या न होणाऱ्यांच्या शेजारी बांधून ठेवलेले आहेत. गाठोडे सोडावयाचेच नाही, असा ज्यांचा आग्रह आहे त्यांनी ह्या मुलांना काय उत्तर द्यावयाचे ते ठरवावे. शिवाय ह्यांतले विल्सनसारखे विकार आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत आली तरच होतात; आणि मामाच्या मुलीला पहिला मान देणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात, जवळच्या नात्यांतील लग्नांमुळे तसा योग येणे सोपे होते. मामाची मुलगी वाईट असे मी म्हणत नाही. पण ही गोष्ट मांडवात बसण्यापूर्वी सांगणारा कोणी तरी असावा की नाही?

दुसरा आक्षेप: ह्यातून जातीला डाग लागेल. ही भीती खोटी नाही. ‘अमक्या जातीचा रोग’ असे एकदा छापून आले की त्या जातीच्या प्रत्येक मुलीच्या स्थळाला ते चिकटते. म्हणून मी ह्या लेखात आमची जात लिहिलेली नाही, आणि संशोधकांनीही गावाचे, कुळाचे नाव छापू नये असे माझे म्हणणे आहे. पण ज्या रोगाने माझे मामा गेले तोच रोग क्यूबात आहे, इटलीत आहे, जपानात आहे. जनुक जात विचारून येत नाही. जात फक्त त्याला बाहेर जाऊ देत नाही.

तिसरा आक्षेप मला माझ्या पुतणीने घातला, आणि तो सर्वांत अवघड. मामेभाऊ २०१६ साली गेला. त्याची मुलगी आता लग्नाच्या वयाची आहे. मी तिला तपासणीविषयी विचारले. ती म्हणाली, “काका, कळून मी काय करू? उद्या पडणार हे आजच कळलं, तर आजपासूनच पडायला होईल.” मी गप्प बसलो. तिचे चुकले नाही. न जाणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि माझ्यासकट कोणालाही तो मोडता येणार नाही. पण रात्री विचार करताना माझ्या ध्यानात आले की मी तिच्यापुढे निवड अशी ठेवलीच नव्हती. तपासणीसाठी पुण्यास जावयाचे, पैसे आपण भरावयाचे, अहवाल इंग्रजीत यावयाचा, आणि ‘आहे’ असे निघाले तर पुढे बोलावयास कोणी नाही. अशी तपासणी कोण करून घेईल? न जाणण्याचा हक्क आणि जाणण्याची सोय नसणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. सोय असताना ती नको म्हणाली असती तर तो तिचा निर्णय ठरला असता. आज ती केवळ तिची परिस्थिती आहे.

आणि आपण गावकरी? आपले हात स्वच्छ आहेत असे कोणी समजू नये. मामांची बदनामी कोणत्या संस्थेने केली नाही. ती आपण केली. सोयरीक मोडेल म्हणून घरातला रोगी पाहुण्यांपुढे न आणणारे आपण. सुनेला मुलाचा रोग लग्नानंतर कळावा अशी व्यवस्था करणारे आपण, आणि मग ‘तिच्याच पायगुणाने झाले’ असे म्हणणारेही आपणच. लपविलेला रोगी मोजता येत नाही, आणि न मोजलेला रोग दुर्मीळच राहतो. ह्या व्याख्येला हातभार आपणही लावतो.

हे सर्व आपल्याला जमण्यासारखे आहे काय? आहे, आणि त्याचा पुरावा आमच्याच तालुक्यात आहे. वढू बुद्रुकला पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात उभे केले. २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतील बावीस गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर ह्यांची नोंद नियमाने ठेवली जाते. १९९३ साली त्याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ किलोची, तरी आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगात चरबीचा वाटा तुलनेने अधिक, हे त्यांनी दाखविले. मधुमेहाविषयी जग जे शिकले त्यातला एक धडा आमच्याकडच्या खेड्यांतल्या बाळंतिणींनी दिला आहे, आणि हे काम त्या मुलांच्या वाढीबरोबर वर्षानुवर्षे चालू राहिले. तेव्हा खेड्यात शास्त्र होत नाही, खेडूत सहकार्य करीत नाहीत, असे कोणी मला सांगू नये.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत. आशाताई घरोघर जातातच. त्यांच्या वहीत तीन प्रश्न वाढवावेत: घरात कोणी प्याल्यासारखे चालते काय, कोणाचे हात-मान अनावर हलतात काय, आणि तसेच त्याच्या आई-बापांपैकी कोणाला होते काय. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस मज्जाविकारांचा जाणता डॉक्टर यावा. बरे होण्यासारखे विकार त्याने आधी पाहावेत. जो रक्त नेईल त्याने अमुक मुदतीत परत येऊन, ज्यांना हवे त्यांना मराठीत उत्तर द्यावे. ‘काही सापडले नाही’ हेही उत्तरच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे संमतीवर आणि समुपदेशनावर भर देतात. ती कागदावर सुंदर आहेत. ती मामींच्या ओसरीपर्यंत यावीत. आणि अपंगत्वाच्या दाखल्याच्या टेबलावर बसणाऱ्याला एवढे ठाऊक असावे की २०१६ च्या कायद्यात दीर्घकालीन मज्जाविकार धरले आहेत. कंपवाताचे नाव तेथे उदाहरण म्हणून दिले आहे, यादी तेथे संपविण्यासाठी नव्हे. ह्या कामाला मोठ्या इमारती लागत नाहीत. परत येण्याची सवय लागते.

आणखी एक मागणी आहे, ती मात्र सरकारकडे नाही. ती वडगाव रासाईच्या, यवत-वरवंडच्या रस्त्याच्या, आणि जेथे जेथे माझे मामा पडताना लोकांनी पाहिले त्या सर्व ठिकाणच्या माणसांकडे आहे. आता त्यांतले थोडेच उरले असतील. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की तो माणूस कधीही प्यालेला नव्हता. हे छापून येण्यास पंचेचाळीस वर्षांहून अधिक उशीर झाला आहे, पण आले.